तार, डिझेल आणि मेव्हिसची बरणी

९ सप्टेंबर १९७३, रविवार

ही वही मेव्हिसने पाठवली. कालच्या मालगाडीच्या ड्रायव्हरने केबिनच्या खिडकीतून बरणीबरोबर हातात दिली आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, फोनवर माझं डोकं खातोस ते आता कागदाचं खा." हा बड ट्रॅस्क. त्याच्याकडे दिलेला निरोप वाटेत मीठमसाला लागल्याशिवाय पोचत नाही, पण हा मूळचाच तिखट असणार.

तर लिहितो. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहून फायदाही नाही. मी हॅल्वर लिएन. वय एकोणसाठ, लग्न केलं नाही, कुत्रा होता तो मेला. माँटानाच्या या डोंगरात टॅमरॅकला रेल्वेचं सबस्टेशन आहे, ते मी चालवतो. विटांच्या इमारतीत दोन अवाढव्य यंत्रं आहेत. बाहेरून आलेली वीज ती रुळांवरच्या तारेत सोडतात आणि त्या तारेच्या जोरावर इंजिनं घाट चढतात. पूर्वी इथे तीन कुटुंबं होती, अंगणात दोऱ्यांवर लंगोट वाळायचे. आता गाड्याच इतक्या कमी झाल्यात की एक माणूस पुरतो. बाकीच्या दोन घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात.

घाटाच्या पलीकडे, रेव्हन क्रीकला, असंच दुसरं सबस्टेशन आहे. ते मेव्हिस डोलन चालवते. नवरा युद्धावर गेला तेव्हा त्याची जागा तिने तात्पुरती धरली. तो परत आला नाही, आणि ते तात्पुरतं अजून चालू आहे. आमच्या दोघांच्या मध्ये एक डोंगर आणि एक कंपनीचा फोन. रोज सकाळी ती फोन करते. नमस्कार-चमत्कार काही नाही. विचारते, "किती?" म्हणजे तारेत किती व्होल्ट. मी म्हणतो, "चौतीसशे." ती म्हणते, "माझ्याकडेपण." की दिवस सुरू. मग हवापाणी, अस्वलं आणि कंपनीच्या नावाने शिमगा.

बरणी हकलबेरी या इथल्या रानफळाच्या मुरांब्याची. दर पानगळीला अशा चार-पाच येतात. मी चाटूनपुसून संपवतो, धुतो आणि ट्रॅस्कच्या हाती परत पाठवतो. आज फोनवर म्हणाली, "रिकामं भांडं परत करू नये म्हणतात, हॅल्वर."

मी म्हटलं, "मग काय भरू? ग्रीस?"

हसली. मग म्हणाली, "ग्रीससुद्धा चाललं असतं." आणि फोन ठेवला.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आज चकाचक बुटांचे दोन साहेब आले. रुळांवरच्या ट्रॉलीवर शिडी लावून वर चढले, तारेची जाडी मोजली, बाजूच्या लाइनवरचा एक तुकडा कापून पिशवीत घातला. मी विचारलं, नवी तार टाकणार का? एकजण म्हणाला, "त्याचाच विचार चाललाय, असं समजा." त्यांना कॉफी दिली, पावावर मेव्हिसचा मुरांबा लावून दिला. दुसरा तारेचा तुकडा हातात फिरवत म्हणाला, "काय तांबं आहे! हल्ली असं मिळत नाही." मला बरं वाटलं. कोणीतरी कदर करणारं भेटलं.

मेव्हिसला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "खांब बघितले का त्यांनी? निम्मे कुजलेत."

"नाही."

"इन्सुलेटर?"

"नाही गं, फक्त तार."

"हं."

"हं काय? चांगली बातमी सांगतोय तर हं!"

"तू फार भोळा आहेस रे," म्हणाली. संशयी बाई आहे. तीस वर्षं एकटी राहून माणसाचं असं होतं.

६ ऑक्टोबर, शनिवार

आता खरी बातमी. आमची इंजिनं आमच्या बापाच्या वयाची, त्यांचं काही ना काही करणं भाग आहे. कंपनीपुढे दोन वाटा आहेत. नवी विजेची इंजिनं घ्यायची आणि तार दुरुस्त करायची, किंवा तार काढून टाकायची आणि इथूनतिथून सगळं डिझेलवर न्यायचं. इंजिन बनवणारे म्हणे हप्त्याने द्यायला तयार आहेत. त्यासाठी शिकागोहून प्रेस्कॉट नावाचे मोठे साहेब येणार. घाटात एक गाडी डिझेलवर, एक विजेवर अशी परीक्षा घेणार.

परीक्षा कसली डोंबलाची! लहान पोराला कळेल. विजेचं इंजिन घाट चढताना वीज खातं, पण पलीकडे उतरताना त्याच्या मोटरी उलट चालतात आणि ते तारेत वीज परत देतं. विहिरीवरच्या दोन पोहऱ्यांसारखं, एक खाली जाताना दुसऱ्याला वर ओढतो. माझ्याकडून चढणाऱ्या कितीतरी गाड्या मेव्हिसकडे उतरणाऱ्या गाड्यांनी ओढल्यात. डिझेल उतरताना काय देतं? धूर आणि जळक्या ब्रेकचा वास. नुसती घेणारी जात.

हे सगळं मी मेव्हिसला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अशी माणसंपण असतात."

"असतात ना! सगळी शिकागोत भरलीत."

ती म्हणाली, "तार राहिली तर मी राहीन, हॅल्वर. तार गेली तर टॅकोमाला बहिणीकडे. लॉरेनने माडीवरची खोली रिकामी केलीये. गेल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे... दुसरं काही निघालं तर गोष्ट वेगळी."

"दुसरं काय निघणार?"

"काही नाही. किती आहे तुझ्याकडे?"

"सकाळीच सांगितलं की. चौतीसशे."

ती गेली तर सकाळी फोन कोण करणार? हे मनात आलं आणि दुपारभर गेलं नाही. म्हणून ठरवलंय, ही परीक्षा विजेनेच जिंकली पाहिजे. मी जातीने बघणार.

२१ ऑक्टोबर, रविवार

रेडिओवर ऐकलं, अरबांनी आपलं तेल बंद केलं. डिझेलचे भाव कुठच्या कुठे जाणार. मी खुर्चीतून उठून एकटाच नाचलो. आता जो डिझेल घेईल तो ठार वेडा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागतं?

ट्रॅस्कला रुळाकाठी उभं राहून ओरडून सांगितलं. तो खिडकीतून म्हणाला, "लिएन, कंपनीचं डोकं आणि अक्कल या दोन वेगळ्या लाइनी आहेत. एकत्र येत नाहीत."

८ नोव्हेंबर, गुरुवार

आज घडलं ते आजच लिहितो.

काल डिझेलची पाळी झाली. चार इंजिनं, काळा धूर, घाटात एकदा धापा टाकत थांबली. आज आमची. गाडीवर ट्रॅस्क, आणि मागच्या डब्यात प्रेस्कॉट साहेब लवाजम्यासकट. मी काय केलं, तर गाडी माझ्याकडून चढायला लागताच यंत्रावरचं चाक फिरवून तारेतले व्होल्ट वर नेले, अगदी वरच्या रेघेपर्यंत. हे आम्ही सगळेच करतो. अवघड गाडी असली की थोडा हात द्यायचा. गाडी अशी चढली की बघत राहावं. ट्रॅस्कने कबूल केलं होतं, माथ्यावर पोचलो की लांब भोंगा वाजवीन. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. बर्फ भुरभुरत होतं. भोंगा ऐकू आला. माथ्यावरून, एवढ्या लांबून. मी टोपी काढून हवेत फेकली. म्हातारा माणूस, एकटा, बर्फात टोपी फेकतोय.

आणि चाक खाली घ्यायला विसरलो.

गाडी पलीकडे उतरायला लागली, वीज परत द्यायला लागली, पण तार आधीच काठोकाठ. मागे आलेली वीज मावणार कुठे? मेव्हिसच्या सबस्टेशनातला ब्रेकर धाडकन पडला. उतारावर इंजिनाचा ब्रेक गेला. ट्रॅस्कने हवेचे ब्रेक दाबले, चाकांतून धूर निघाला, आणि प्रेस्कॉट साहेबांची कॉफी साहेबांच्याच मांडीवर. गाडी उतारावर बराच वेळ तशीच उभी होती. जीव कोणाचा गेला नाही, एवढंच.

मी घोटाळा केला. तारेला वाचवायला गेलो आणि मीच तिचा गळा दाबला.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फोन आला. "किती?" न विचारता ती म्हणाली, "काल चाक कुठे होतं?"

"वर."

"खाली घेतलं नाहीस?"

"बाहेर होतो. भोंगा ऐकत होतो."

मला वाटलं झापेल. ती म्हणाली, "ऐकू आला?"

"आला."

"मलापण आला. छान वाजवला." मग म्हणाली, "हे बघ, साहेबलोक आज माझ्याकडे येतायत. ब्रेकर माझ्याकडे पडला ना. तुला कोणी काही विचारलं नाही तर आपणहून तोंड उघडायचं नाही. मी बघते."

"तू काय बघणार?"

"गप्प बसायला सांगितलंय. एरवी नको तिथे छान गप्प बसतोस की."

बायकांचं बोलणं कळत नाही. पण गप्प बसलोय.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

अजून मला कोणी बोलावलं नाही. कागद तयार ठेवलाय, काय सांगायचं ते तीनदा पाठ केलं. प्रेस्कॉट दिलदार माणूस दिसतो, प्रकरण सोडून दिलं असावं. मेव्हिसला तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो, असेल दिलदार." आणि विषय बदलून माझ्या खोकल्यावर गेली.

२५ डिसेंबर, मंगळवार

काल आम्ही एकत्र जेवलो. म्हणजे फोनवर. गाडी नव्हती, लाइन मोकळी होती. तिनेच काढलं. "तुझं ताट फोनजवळ आण, मी माझं आणते." फोन टेबलावर उघडा ठेवून दोघं जेवलो. मी लुटफिस्क केला होता, आईची पद्धत, खारात भिजवलेला मासा.

"वास इथवर येतोय," ती म्हणाली.

"तारेतून वास येत नाही."

"नॉर्वेच्या माणसाच्या माशाचा येतो. मधल्या बोगद्यातली वटवाघळं मेली असतील."

तिच्या काटा-चमच्याचा आवाज येत होता. मध्येच ती नुसतीच थांबायची आणि मी पण. किती बरं वाटलं ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? फोन ठेवल्यावर घर इतकं मोठं वाटायला लागलं की मी यंत्रांच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे निदान घुंई ऐकू येते.

२८ जानेवारी १९७४, सोमवार

निकाल लागला. तार काढणार. जूनपर्यंत सगळं डिझेलवर. तेलाचा भाव आभाळाला भिडलाय, पेट्रोलपंपांवर मोटारींच्या रांगा, आणि आमची शहाणी कंपनी तेल पिणारी इंजिनं आणायला निघाली. साहेबांचं पत्रक आलंय, त्यात 'आधुनिक' हा शब्द पाच वेळा आहे.

माझ्यामुळे झालं. त्या दिवशी चाक खाली घेतलं असतं तर. रात्रंदिवस तेच डोक्यात. जेवण जात नाही.

मेव्हिसने फोनवर पत्रक वाचून दाखवलं, प्रेस्कॉटच्या आवाजात. मला हसू आलं नाही. ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही झालं, वेड्या. ते ठरवूनच आले होते." माझी समजूत घालते बिचारी.

खालच्या गावातल्या स्टेशनवर एक जागा निघाली होती, तिकीट-पार्सलची. इथून तासाभराचा रस्ता. मेव्हिस इतकी वर्षं नोकरीत, तिलाच मिळायला हवी. मिळाली कोणा पोराला. मी चिडून म्हटलं, "असं कसं? तू भांडली नाहीस?"

"माझ्या नावापुढे आता एक रेघ आहे."

"कसली रेघ?"

"असते एकेकाची." मग म्हणाली, "गाव तुझ्यापासून जवळ होतं, नाही? रविवारी जेवायला आले असते."

"बाई म्हणून डावललं, दुसरं काय! लबाड आहेत साले." कंपनीवर तोंडभर आग पाखडली.

१२ मार्च, मंगळवार

माझी सोय लागली. तार निघाल्यावर इमारतीला पहारेकरी लागणार, यंत्रं भंगारात विकली जाईपर्यंत. मी अर्ज केला, मंजूर झाला. मेव्हिसला सांगितलं, "मी कुठे जात नाही! इथेच राहतो! घर, चूल, सगळं तेच."

"हो का," ती म्हणाली. "एकटाच?"

"एकट्याला काय धाड भरलीये? सवय आहे."

"सवय आहे," ती म्हणाली. आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली असेल. लसूण-मध घे म्हणून सांगितलं.

११ मे, शनिवार

आज रेव्हन क्रीक बंद. तिकडचा तुकडा आधी निघणार. सकाळी फोन आला तेव्हा मी आधीच फोनपाशी बसलो होतो.

"किती?"

"चौतीसशे."

"माझ्याकडे शून्य." तिच्यामागे नेहमीची घुंई नव्हती, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाली, "भाचा गाडी घेऊन आलाय. सामान चढलं. आता फोन काढायला माणूस उभा आहे. काही बोलायचं असलं तर बोल."

काय बोलू? शेवटी म्हटलं, "तुझी एक बरणी राहिलीये माझ्याकडे."

"राहू दे," ती म्हणाली. "आता कोणाकडे देणार परत?"

फोन बंद झाला. मी तसाच कानाला धरून बसलो होतो. किती वेळ कोण जाणे.

१६ जून, रविवार

विजेची शेवटची गाडी गेली. ट्रॅस्कने टॅमरॅकला मुद्दाम थांबवली आणि खाली उतरून पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसला. ओरडून न बोलणारा ट्रॅस्क मी पहिल्यांदाच बघितला.

म्हणाला, "मेव्हिसचं काही कळतं का?"

"फोन नाही, काय कळणार? जागा मिळाली असती तर इथेच राहिली असती. बाई म्हणून डावललं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई म्हणून? लिएन, तुला खरंच माहीत नाही? चौकशीत तिने सांगितलं की तिचं चाक खाली घ्यायची आठवण करायला तू फोन केला होतास, आणि तिनेच ऐकलं नाही. चूक माझी म्हणून सही केली. नाहीतर तू आठवड्याभरात नोकरीवरून गेला असतास, पेन्शन गेली असती. तिला ठपका बसला आणि ती गावची जागा गेली. अख्ख्या लाइनला माहीत आहे."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

"तिला वाटलं असेल, हा माणूस स्वतःहून एकदा तरी विचारेल."

"काय विचारेल?"

ट्रॅस्क उठला, विजारीचा मागचा धुरळा झटकला. "तू व्होल्ट मोजत बस, बाबा," म्हणाला, आणि इंजिनावर चढला. लांब भोंगा वाजवत गेला. मी टोपी काढली पण फेकली नाही. गाडी घाटाखाली पोचेपर्यंत थांबलो, मग आत जाऊन दोन्ही यंत्रं बंद केली. थांबायला त्यांना बराच वेळ लागला.

२२ जुलै, सोमवार

इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. शांतता इतकी आहे की चहाची किटली सुद्धा आगाऊ वाटते. सकाळी ठरल्या वेळी कान फोनकडे जातात. फोन काढून नेलाय, भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग आहे.

आज तार काढणारे आले, आणि त्यांच्याबरोबर तो चकाचक बुटांचा साहेब, तांबं तोलून घ्यायला. मला ओळखलं. "त्या मुरांब्याचे ना तुम्ही?" म्हणाला. गप्पांत बोलून गेला की तांब्याचा सौदा गेल्या ऑगस्टमध्येच झाला होता, तुकडा नेला तो नुसता कस बघायला. आता तांब्याचा भाव पडलाय आणि तेल तिप्पट झालंय, तेव्हा कंपनीचे हात दोन्हीकडून पोळलेत. हसत होता.

गेल्या ऑगस्टमध्ये. म्हणजे परीक्षा घेतली ती आधीच निकाल लावून. माझ्या चाकाने काहीच बिघडलं नव्हतं. ती म्हणाली होती, ठरवूनच आलेत, आणि मला वाटलं समजूत घालते. तार जाणारच होती. राहू शकली असती ती एकच मेव्हिस, तासाभराच्या अंतरावर, रविवारी जेवायला येणारी. ती मात्र माझ्यामुळे गेली.

मी डिझेलला नुसती घेणारी जात म्हणत होतो. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला.

१८ ऑगस्ट, रविवार

बैल गेला आणि झोपा केला, तरी केला. वरच्या उतारावर जाऊन हकलबेऱ्या तोडल्या. अर्ध्या वाटेवर अस्वल होतं, त्याच्याशी वाटणी करावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा मुरांबा केला. एक घाणा करपला तो फेकला, दुसरा थोडाच करपला. तिची राहिलेली बरणी काठापर्यंत भरली, झाकणाला मेण लावलं. लॉरेनचा पत्ता ट्रॅस्कने काढून दिला. बरोबर चिठ्ठी घालणार होतो. टेबलाशी बसलो, पेन हातात धरलं. काय लिहायचं? माफ कर? ये? इथे काय ठेवलंय, दोन मेलेली यंत्रं आणि एक खोकणारा म्हातारा? शेवटी चिठ्ठी न घालताच पार्सल पाठवलं. न सांगता कळेल तिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

टॅकोमाहून पार्सल. दोरी सुटेना, शेवटी दातांनी तोडली.

आत बरणी. रिकामी. घासूनपुसून लख्ख धुतलेली.

वर्तमानपत्राचे गुंडाळे उलगडून बघितले, झाकण उघडून बघितलं, तळाशी बघितलं. चिठ्ठी नाही, काही नाही. आधी राग आला. म्हटलं, जिवाचं रान करून, अस्वलाच्या तोंडातनं आणून, हातावर फोड आणून मुरांबा केला आणि ही बया नुसती बरणी परत पाठवते? एक शब्द नाही? खाल्ला म्हणून नाही, करपलाय म्हणून नाही, कसा आहेस म्हणून नाही?

मग मी पायऱ्यांवर बसलो, बरणी मांडीवर घेऊन, आणि पुन्हा झाकण उघडून आत बघितलं. आणि मला ती दिसली. रेव्हन क्रीकच्या पायऱ्यांवर, ट्रॅस्कची गाडी निघून गेल्यावर, बरणी उघडून आत बघणारी. एकदा नाही, दर पानगळीला चार-पाच वेळा, तीस वर्षं. प्रत्येक वेळी आत बघितलं असेल तिने. ग्रीससुद्धा चाललं असतं म्हणाली होती.

मला रडू आलं. आलं ते आलं, इथे बघायला कोण आहे?

मग हसूही आलं. कारण हा तिचाच टोमणा, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. रागावली असती तर बरणी ठेवून घेतली असती. आता पाळी माझी आहे, एवढंच तिने सांगितलंय.

पहारेकऱ्याच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्यात. भंगार काही पळून जात नाही. वरच्या उतारावर थोड्या हकलबेऱ्या अजून आहेत, त्या सकाळी तोडीन, या वेळी चुलीपाशीच उभा राहीन, करपू देणार नाही. पिकअपमध्ये तेल भरलंय. टॅकोमा लांब आहे, वाटेत विचार करायला पुष्कळ वेळ मिळेल. दार उघडून ती "किती?" म्हणाली तर काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.

पण ही बरणी पोस्टाने जाणार नाही.